मोहाच्या सडव्यातील अनाम यीस्ट

ओकच्या पिंपात अनेक महिने मुरलेली, रानटी यीस्टने आंबवलेली कडक एल चाखताना जाणकार जिभेआधी नाकावर विसंबतात. पहिल्या वासात चामडे, लवंग आणि धूर यांची सरमिसळ जाणवते. मग जिभेवर आंबटपणा येतो आणि शेवटी कोरडी, किंचित तुरट चव उरते. गोडवा जवळजवळ नसतोच.

या प्रत्येक अनुभवामागे रसायन आहे. चामड्यासारखा वास ४-एथिलफिनॉलचा, तर लवंग-धुराचा ४-एथिलग्वायाकॉलचा. धान्यातील फिनॉलिक आम्लांपासून ही संयुगे ब्रेटॅनोमायसीस नावाचे यीस्ट तयार करते. नेहमीचे यीस्ट ज्या लांब साखळीच्या शर्करा मागे सोडून देते, त्याही हे यीस्ट सावकाश फस्त करते. म्हणून चव कोरडी होते. पिंपाच्या लाकडातून अत्यल्प ऑक्सिजन झिरपत राहतो. तो मर्यादेत असेल तर आंबटपणा सुखद लागतो. वाढला की पेयाचा सिरका होतो.

ब्रेटॅनोमायसीसचा इतिहास या चवीपेक्षाही बोधप्रद आहे. १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअरच्या उत्पादनात आणले. पेय बिघडण्याचे प्रकार कमी झाले आणि ‘रानटी यीस्ट’ म्हणजे दूषण हे समीकरण रूढ झाले. पुढे कार्ल्सबर्गमधीलच एन. हेल्टे क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये दाखवले, की पिंपात मुरणाऱ्या इंग्लिश एलची खास चव एका रानटी यीस्टच्या संथ, दुसऱ्या किण्वनातून येते. त्याला त्यांनी ‘ब्रिटिश बुरशी’ या अर्थाचे नाव दिले. ज्याला दोष म्हणून हाकलले जात होते, त्याला नाव मिळाले, नोंद मिळाली आणि कालांतराने बाजारही मिळाला.

नेमका हाच टप्पा भारतातील रानटी यीस्टच्या बाबतीत अपुरा राहिला आहे. त्यासाठी दूर पाहण्याचे कारण नाही. भिलाईची ओळख पोलादाची. १९५९ मध्ये पेटलेल्या पहिल्या झोतभट्टीची. पण या शहराच्या दक्षिणेला बस्तरपर्यंत आणि पश्चिमेला गोंदिया-गडचिरोलीपर्यंत मोहाचा प्रदेश पसरला आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळलेली मोहफुले वेचली जातात, वाळवली जातात आणि पुढे पाण्यात भिजत घातली जातात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. अनेक घरांत त्यात बाहेरून यीस्ट घातले जात नाही. फुलावर, भांड्यावर आणि हवेत असलेले सूक्ष्मजीवच काम सुरू करतात. पोलिसांच्या पंचनाम्यात याला ‘सडवा’ म्हणतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने ते एक जिवंत परिसंस्थेचे भांडे आहे.

मोहाची दारू सडवा उकळून, त्याची वाफ थंड करून मिळवतात. एल तशी गाळली जात नाही. त्यामुळे दोहोंच्या चवीची थेट तुलना चुकीची ठरेल. साम्य आहे ते आंबवणाऱ्या हातांच्या अनामिकतेत. त्यात एक भौतिक प्रश्नही दडलेला आहे. किण्वन ही उष्णता बाहेर टाकणारी प्रक्रिया आहे, आणि कारखान्यांतील प्रचलित यीस्ट ४० अंश सेल्सिअसच्या आसपास मंदावते. म्हणून इथेनॉलच्या टाक्या थंड ठेवण्यावर खर्च होतो. छत्तीसगडच्या मैदानात उन्हाळ्याचे तापमान ४२ ते ४५ अंशांवर जाते. पिढ्यान्‌पिढ्या अशा उकाड्यात आंबणाऱ्या सडव्यात उष्णता सहन करणारे यीस्ट निवडले गेले असेल काय? हे गृहीतक तपासण्याजोगे आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणाऱ्या देशाला ते तपासण्याची निकडही आहे.

रानातील यीस्टचे मोल किती असू शकते, याचा दाखला अर्जेंटिनात आहे. लागर बिअरच्या संकरित यीस्टचा एक पूर्वज शास्त्रज्ञांना सापडत नव्हता. तो २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात, बीच वृक्षांच्या गाठींवर आढळला. पाच वर्षांतच हायनेकेनने त्याच्यापासून केलेली बिअर बाजारात आणली. आपल्याकडे गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मात्र असा निर्देशांक नावाचे रक्षण करतो, भांड्यातील सूक्ष्मजीवांचे नाही. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला ‘वारसा’ म्हणून पुढे आणले. वारसा कारखान्यात गेला की पाकिटातील एकसारखे यीस्ट वापरणे सोयीचे ठरते. तसे झाल्यास नाव टिकेल आणि जीव हरवेल.

यावर एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. भिलाईच्या पोलादाला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे शंकर गुहा नियोगी यांच्या कामगार संघटनेने दारूविरोधात मोठी चळवळ उभारली होती. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ज्या घरांतील मजुरी गुत्त्यात गेली, त्यांना यीस्टचे कौतुक क्रूर वाटू शकते. त्यांची जखम खरी आहे. परंतु सूक्ष्मजीवाची नोंद करणे म्हणजे पेयाची जाहिरात करणे नव्हे. पेनिसिलियम जपणाऱ्याने भाकरीवरच्या बुरशीची तरफदारी केलेली नसते. उष्णतासह यीस्टचा उपयोग इंधनात, पावात, पशुखाद्यात होऊ शकतो. त्यासाठी कुणी एक घोटही पिण्याची गरज नाही.

मोहफुलांवरून यीस्ट वेगळे करण्याचे काम काही प्रयोगशाळांनी केले आहे. आता गावनिहाय, ऋतुनिहाय संग्रह हवा. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत यीस्ट जतन करण्याची व्यवस्था आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटीही आता भिलाईत आहे. नमुन्यासोबत गावाचे नाव आणि आंबवण्याची रीत लिहिली जावी. जैवविविधता कायदा, २००२ सूक्ष्मजीवांनाही जैविक संसाधन मानतो; म्हणून लोकजैवविविधता नोंदवहीत झाडा-पाखरांच्या शेजारी यीस्टलाही जागा मिळावी, आणि पुढे लाभ झाला तर त्याचा वाटा फुले वेचणाऱ्या घरांपर्यंत पोहोचावा.

क्लाउसेन यांना इंग्लिश एलमध्ये दोषाऐवजी एक जीव दिसला. तशी दृष्टी आज सडव्याकडे वळली नाही, तर उद्या परदेशी पिंपातील चव वाखाणताना भिलाईच्या वेशीवर काय होते, हे सांगायला नमुनाही उरणार नाही.

#यीस्ट #मोह #भिलाई #सूक्ष्मजीवशास्त्र