चिपचा कारखाना आणि हप्त्याची तारीख

सप्टेंबर 2022 मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा 1 लाख 54 हजार कोटींचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत होणार असे जाहीर झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन आले असतील. "पळवलात ना आमचा कारखाना!" ज्यांच्या चार-पाच पिढ्या बडोद्यात गेल्या त्यांनी याला काय उत्तर द्यावे? इथे आपण महाराष्ट्राचे आणि तिथे आपण गुजरातचे, हे आता अंगवळणी पडले आहे. पुढे जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतले. ज्या कारखान्यावरून दोन राज्ये हमरीतुमरीवर आली तो ठरल्याप्रमाणे कुठेच उभा राहिला नाही.

कारखाना कोणत्या राज्यात जाणार, यावर त्या वेळी महिनोन्महिने वाद झाला. तो कोणाच्या पैशावर उभा राहणार आणि ते पैसे कोणत्या तारखेला फेडायचे, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. वाचकहो, आज त्याच प्रश्नाबद्दल लिहायचे आहे. उदाहरण अमेरिकेतले आहे, पण त्याचा एक धागा आपल्यापासून दोन-तीन तासांवर असलेल्या साणंदपर्यंत येतो.

वुल्फस्पीड ही नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम गावची कंपनी. 1987 साली 'क्री' या नावाने सुरू झाली, एलईडी दिव्यांमुळे नावारूपाला आली. पुढे तिने दिव्यांचा धंदा विकून टाकला, 2021 मध्ये नाव बदलले आणि सगळी शक्ती सिलिकॉन कार्बाइडवर लावली. हा पदार्थ साध्या सिलिकॉनपेक्षा जास्त दाबाची वीज सोसतो आणि त्यात वीज कमी वाया जाते, म्हणून इलेक्ट्रिक गाड्यांना तो हवा असतो. या पदार्थाच्या चकत्या, म्हणजे वेफर, बनवण्यात वुल्फस्पीड जगात आघाडीवर होती. माल उत्तम, विद्या स्वतःची, गिऱ्हाईक दारात. यात खोट काढायला जागा नव्हती.

एप्रिल 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्यात मोहॉक व्हॅली येथे मोठा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनात सायलर सिटीला वेफरचा आणखी एक प्रचंड कारखाना जाहीर झाला. पैसा कुठून आला? पहिला मार्ग परिवर्तनीय रोख्यांचा. 2020 मध्ये 57.5 कोटी डॉलर, 2022 च्या सुरुवातीला 75 कोटी आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 175 कोटी. व्याज किती, तर मधल्या कर्जावर अवघे पाव टक्का!

इतके स्वस्त कर्ज कोणी का देतो, हे समजून घेतले पाहिजे. अशा रोख्यात धनको व्याजावर पाणी सोडतो, कारण शेअरचा भाव चढला तर त्याला रोख्याऐवजी शेअर घेता येतात आणि खरा नफा तिथे असतो. 2022 च्या दोन्ही रोख्यांत हा भाव शंभर डॉलरच्या वर ठरला होता. भाव चढला तर कर्ज आपोआप विरघळते, फेडावे लागतच नाही. भाव पडला तर तेच कर्ज मुद्दलासकट, ठरल्या तारखेला, रोखीत द्यावे लागते. म्हणजे ज्या दिवशी कंपनीजवळ पैसा नसणार, नेमके त्याच दिवशी देणे खरे होणार. आमच्या मते हे कर्ज स्वस्त नव्हतेच. त्याची किंमत पुढे ढकललेली होती, एवढेच.

दुसरे कर्ज जून 2023 मधले. अपोलो या गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने 125 कोटी डॉलर मिळाले, पण तारण देऊन आणि 9.875 टक्के व्याजाने. पाव टक्क्यावरून पावणेदहा-दहावर! आमच्या बँकेत एखाद्या खातेदाराचा दर असा वाढला असता, तर साहेबांनी फाईल पुन्हा मागवली असती.

तिसरा पैसा आला जपानच्या रेनेसास कंपनीकडून. जुलै 2023 मध्ये तिने दहा वर्षे वेफर मिळावेत म्हणून एकंदर 200 कोटी डॉलर आगाऊ देण्याचा करार केला. घर बांधून होण्याआधी बिल्डरला इसार द्यावा, तसाच हा प्रकार. इसाराची रक्कम बिल्डरला नफा वाटते, पण त्याच्या ताळेबंदात ती देण्याच्या बाजूलाच बसते.

आता कारखान्याकडे पाहू. बँकेत आम्ही कारकून, कर्ज मंजूर करणे आमच्या हातात नाही. पण फाईली हाताखालून जातात. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतला लेथवाला कर्ज काढतो, यंत्र सहा महिने उशिरा येते, जोडणीत तीन महिने जातात आणि पहिला जॉब हातात पडण्याआधी हप्ता सुरू होतो. अशी खाती आम्ही कितीतरी पाहिली. माणूस कष्टाळू असतो, काम चोख असते, फक्त तारखा जमत नाहीत. मोहॉक व्हॅलीला तेच झाले. सुरू होऊन दोन वर्षे उलटल्यावर, 2024 च्या मध्यास, तो कारखाना क्षमतेच्या जेमतेम 20 टक्के चालत होता. चिपच्या कारखान्यात यंत्रसामग्रीचा खर्च अफाट. माल निघो वा न निघो, घसारा, वीज, पगार चालूच राहतात. त्यात इलेक्ट्रिक गाड्यांची मागणी मंदावली आणि चिनी कारखान्यांनी वेफरचे भाव पाडले. जून 2024 ला संपलेल्या वर्षी विक्री 80.7 कोटी डॉलरची आणि तोटा 86.4 कोटींचा. विक्रीपेक्षा तोटा मोठा!

आशा उरली ती सरकारी मदतीची. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकी सरकारने चिप कायद्याखाली 75 कोटी डॉलर देण्याचा प्राथमिक करार केला. पण त्यात अट होती, की आधी परिवर्तनीय रोख्यांची व्यवस्था लावा. पहिला रोखा मे 2026 मध्ये फेडायचा होता. धनको सूट द्यायला तयार होईनात, आणि त्यांनी सूट दिल्याशिवाय सरकार पैसे देईना. शेअरचा भाव 2021 मध्ये 140 डॉलरच्या पुढे गेला होता, तो जून 2025 मध्ये एका डॉलरच्या खाली आला. 30 जून 2025 रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वेळी डोक्यावर सुमारे 650 कोटी डॉलरचे देणे होते.

तीन महिन्यांत, सप्टेंबरअखेर, कंपनी त्यातून बाहेर पडली. कर्ज सुमारे 70 टक्क्यांनी उतरले. कारखाना चालू राहिला, यंत्रे जागेवर राहिली. मग फटका कोणाला बसला? तारणवाले जवळजवळ सुखरूप राहिले. परिवर्तनीय रोखेवाल्यांना रोखीऐवजी कंपनीची बहुतांश मालकी घ्यावी लागली. रेनेसासला आपल्या इसाराबदल्यात मुख्यतः शेअर आणि थोडे रोखे मिळाले. या एका व्यवहारामुळे 2025 च्या पहिल्या सहामाहीत तिला सुमारे 175 अब्ज येनचा निव्वळ तोटा दाखवावा लागला. आणि जुन्या भागधारकाला 1000 शेअरमागे नवे सुमारे 8 शेअर मिळाले. आठशे नव्हे, आठ! गंमत अशी, की कारखान्यावरील करसवलतीपोटी सरकारकडून यायचे सुमारे 70 कोटी डॉलर डिसेंबर 2025 मध्ये हाती आले. तोवर जुन्या भागधारकांचा हिशेब मिटून गेला होता.

आता साणंद. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या तेथील 7,600 कोटींच्या चिप जोडणी-तपासणी प्रकल्पात सीजी पॉवर, म्हणजे आपली पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्ह्‌ज, मुख्य भागीदार आहे आणि तीच रेनेसास लहानशी भागीदार. त्याची पहिली प्रायोगिक लाईन ऑगस्ट 2025 मध्ये सुरूही झाली. वुल्फस्पीडच्या बुडण्याने साणंदला धोका आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. काम वेगळे, माल वेगळा. रेनेसाससारख्या अनुभवी कंपनीचाही इसार बुडू शकतो, इतकेच लक्षात घ्यावे.

आपल्याकडची पद्धतही निराळी आहे. इथे प्रकल्पखर्चाचा निम्मा भाग केंद्र देते, आणि तोही मालकाच्या पैशाबरोबरीने, काम चालू असतानाच. त्यावर गुजरातच्या 2022 च्या धोरणानुसार राज्य केंद्राच्या मदतीच्या 40 टक्के देते. म्हणजे शंभरातले सत्तर रुपये सरकारी तिजोरीतले. कर्ज त्यामुळे कमी लागते, हे चांगलेच. पण कारखाना रिकामा राहण्याची जोखीम त्यामुळे नाहीशी होत नाही. अमेरिकेत ती धनको आणि भागधारकांनी सोसली, इथे तिचा मोठा वाटा कर भरणाऱ्यांवर येतो. त्यात तळेगावचे नातेवाईकही आले आणि दांडिया बाजारचे आपणही.

गेल्या वर्षभरात आमच्या खिडकीवर मुदतठेव मोडायला आलेल्या दोघा-तिघा ज्येष्ठ सभासदांनी कारण सांगितले, "चिपच्या कंपनीत घालायचेत." त्यातल्या एका काकांना विचारले, "काका, कंपनीवर कर्ज किती आहे ते पाहिलंत का?" काका म्हणाले, "अरे, सरकार पाठीशी आहे ना!" त्या दिवशी रांग मोठी होती, अधिक बोलता आले नाही. म्हणून हा अग्रलेख.

ताळेबंद उघडून निदान एवढे पाहा. कोणते देणे कोणत्या वर्षी फेडायचे आहे? तारण कोणाकडे आहे? गिऱ्हाइकांची आगाऊ रक्कम किती पडून आहे? आणि येणे म्हणून दाखवलेली सरकारी मदत हातात आली आहे की नुसती कागदावर आहे?

आपल्या भागाच्या आमदारांना व खासदारांना मंडळातर्फे पत्र द्यावे, असे आम्ही कार्यकारिणीला सुचवले आहे. मदत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीचे कर्ज, कारखाना किती टक्के चालतो तो आकडा आणि प्रकल्प रखडला तर पैसे परत घेण्याच्या अटी दरवर्षी विधानसभेपुढे ठेवाव्यात, एवढीच त्यात मागणी आहे. मसुदा मराठी व गुजराती दोन्ही भाषांत कार्यालयात ठेवला आहे. सभासदांनी संध्याकाळच्या वेळेत येऊन तो वाचावा, दुरुस्त्या सुचवाव्यात आणि पटल्यास सही करावी.