पाडवा ते अक्षय्य तृतीया

मराठी माणसाला एका वर्षात किती नवी वर्षे लाभतात, हे एकदा मोजायला हवे. १ जानेवारी आहेच. मग आजचा चैत्र पाडवा, त्याच्या मागेपुढे १ एप्रिलचे आर्थिक वर्ष, जूनमध्ये शाळेचे, आणि व्यापाऱ्यांकडे वहीपूजनाचा दिवाळी पाडवा. जानेवारीतला निश्चय संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत गळाला असेल, तरी आज गुढी उभारून पुन्हा सुरुवात करायला कोणाची हरकत नाही. हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की आठवडा, महिना, वर्ष सुरू होताना, वाढदिवसानंतरसुद्धा, लोकांची पावले व्यायामशाळेकडे अधिक वळतात. मुहूर्ताचे बळ ते एवढेच. दुसऱ्या आठवड्यात तो आपल्याला उठवायला येत नाही.

‘यंदा तब्येतीकडे लक्ष देणार’, ‘वाचन वाढवणार’, ‘चार पैसे बाजूला टाकणार’ असे म्हणणाऱ्याने अजून काहीच ठरवलेले नसते. १९७५ मध्ये गॅरी लॅथम आणि जेम्स बाल्डेस यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे आठवतो. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात ओंडके वाहणाऱ्या ट्रकचालकांना ‘जमेल तितके भरा’ असे सांगितले होते, तेव्हा कायद्याने मान्य वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपासच माल भरला जाई. मग त्यांना ९४ टक्क्यांचे उद्दिष्ट दिले. पगारात एका डॉलरची वाढ नाही, आणि काही महिन्यांत भार नव्वदीच्या घरात गेला. ‘जमेल तितके’ म्हटले की माणसाला कमीच जमते.

आपल्याकडच्या घरांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक होते. चातुर्मासाचा नेम आठवा. आषाढी एकादशीला धरायचा, कार्तिकीला सोडायचा. कांदा-लसूण-वांगे नाही, जेवण पानावर, नाहीतर रोज तिन्हीसांजेला देवळात दिवा. सोमवार सोळाच, सतराव्याला उद्यापन. गुरुचरित्राच्या सप्ताहात कोणत्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत जायचे, तेही नेमलेले. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. इथे बांधणी बघण्यासारखी आहे. दिवा लावला की नाही, यावर वाद होऊ शकत नाही. नेम कधी संपणार ते पहिल्याच दिवशी माहीत असते. आणि घरातल्या प्रत्येकाला तो माहीत असतो, कारण वांगे वर्ज्य असल्याचे स्वयंपाकघराला कळल्यावाचून चालत नाही.

मात्र त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकायला नको. हे नेम बहुतांशी बायकांनी पाळले, आणि ते नवऱ्याच्या आयुष्यासाठी, मुलांच्या भल्यासाठी. स्वतःला पोहायला यावे, स्वतःच्या नावावर खाते असावे, असा नेम किती जणींच्या वाट्याला आला असेल? बांधणी तीच ठेवून आतला हेतू आपला असावा, एवढी दुरुस्ती आज करता येते.

झेपणारे उद्दिष्ट म्हणजे काय, हे ज्याच्या त्याच्या दिवसावर ठरते. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्या, घरी परतल्यावर पोळ्या लाटणाऱ्या बाईला ‘पहाटे पाचला उठून तासभर ध्यान करा’ असा सल्ला देणाऱ्या वक्त्यांनी एकदा तिच्या डब्यात उभे राहून पाहावे. त्या प्रवासात पुस्तकाची दहा पाने मात्र होतील, बसायला जागा मिळाली तर. पाच किलो वजन उतरवणे पूर्णपणे आपल्या हातात नसते. रात्री जेवल्यावर वीस मिनिटे चालणे बरेचसे असते. ‘बचत करीन’ म्हणण्यापेक्षा पगार जमा होईल त्याच दिवशी आरडीचा हप्ता वळता करण्याची सूचना बँकेला देऊन टाकावी. मग महिनाअखेरीला मनोनिग्रहाची गरजच पडत नाही.

आणि खाडा पडला तर? इथेच बहुतेकांचे वर्ष संपते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा माग ठेवला. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. रोजची एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस पुरेसे होते, तर कोणाला २५४ लागतील असे गणित निघाले. मधला आकडा ६६. एकवीस दिवसांत सवय लावून देणाऱ्या पुस्तकांनी हा आकडा जरूर पाहावा. त्याहून दिलासा देणारी बाब अशी, की अधेमधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. शुक्रवारी चालायला गेलो नाही म्हणून शनिवारही सोडून देण्याला काही आधार नाही.

तेव्हा अख्ख्या वर्षाचा पसारा आज मांडूच नये. साडेतीन मुहूर्तांपैकी पुढचा, अक्षय्य तृतीया, साधारण महिनाभरावर आहे. तिथवर झेपेल अशी एकच गोष्ट निवडावी, तिची वेळ ठरवावी, घरात एकाला तरी सांगून ठेवावी आणि कॅलेंडरवर रोज खूण करावी. तृतीयेला खुणा मोजून पुढच्या टप्प्याचे बघता येईल. जमले नसेल तर गोष्ट आणखी लहान करावी. उद्यापनाला आमरस करायला हरकत नाही, तोवर हापूसचा भाव जरा उतरलेला असतो.