मुलांच्या अर्जाला उत्तर

आमच्या गोंडपिपरी तालुक्याच्या पश्चिमेस वर्धा नदी आहे. तिच्या ह्या तीरावर इंग्रजांचा मध्यप्रांत आणि त्या तीरावर मोगलाई, अशी मांडणी १९४७ पर्यंत होती. राजुऱ्याचा मुलूख मोगलाईंतला. हैदराबाद संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झालें आणि पुढें १९५९ सालीं राजुरा आमच्या जिल्ह्यांत आला. हल्लींच्या मुलांना हें सांगितलें तर खरें वाटत नाहीं, कारण नदीवर पूल आहेत आणि पलीकडे सिमेंटचे कारखाने. परंतु ह्या महिन्यांत ज्या विषयावर लिहावयाचें आहे, त्याची सुरुवात त्या पलीकडच्या तीरावरूनच केली पाहिजे.

विषय असा, कीं शाळेचा एखादा नियम जाचक वाटला, तर तो बदलण्याची मागणी विद्यार्थ्यांनीं करावी कीं न करावी. आणि केली, तर घरच्या वडीलधाऱ्यांनीं काय म्हणावें. पुष्कळ सुशिक्षित घरांत ह्याचें उत्तर ठरलेलें असतें. मुलगा किंवा मुलगी शाळेंतून येऊन सांगते, "आम्ही मुख्याध्यापकांना अर्ज देणार आहों," आणि वडील वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां म्हणतात, "द्या, पण त्यावर तूं सही करूं नकोस." आईचें मत ह्याहून निराळें असलें तरी तें स्वयंपाकघरांतच राहतें. दहावीचें वर्ष आहे, अंतर्गत गुण शाळेच्या हातीं आहेत, ही भीति अगदींच निराधार नाहीं. पण अर्ज खरा आहे कीं खोटा, हा प्रश्न त्या घरांत कोणी विचारलेलाच नसतो.

१९३८ च्या नोव्हेंबरांत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजाच्या वसतिगृहांतील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळीं 'वंदे मातरम्' म्हणत, त्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. विद्यार्थ्यांनीं आधीं विनंती केली, मग हट्ट धरला, मग संप केला. थोड्याच दिवसांत हें लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत पोंचलें. हें विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालेलें. तेथें शिक्षणाचें माध्यम उर्दू. संस्थानांत त्या सुमारास मोठी खळबळ होती. स्टेट काँग्रेसवर बंदी होती, ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला होता, आणि अधिकाऱ्यांना प्रत्येक गाण्यांत बंड ऐकूं येत होतें. माफी मागा, पुन्हां म्हणणार नाहीं असें लिहून द्या, नाहींतर चालते व्हा, असा पेंच पडला. शेंकडों विद्यार्थ्यांनीं लिहून दिलें नाहीं आणि त्यांचीं नांवें पटावरून उडालीं. त्यांत हायस्कुलांतील कोंवळीं मुलेंहि होतीं.

ह्यांतील पुष्कळांना आसरा दिला तो नागपूर विद्यापीठानें. त्या वेळीं कुलगुरु टी. जे. केदार हे होते. हैदराबादकडून नागपुराकडे येणारी आगगाडी काजीपेठ-बल्लारशा मार्गानें ह्याच वर्धेवरील पुलावरून येते. मोगलाईंतून नांव कमी झालेलीं तीं पोरें वळकटी घेऊन हा पूल ओलांडीत असतील, तेव्हां त्यांच्या घरीं काय बोलणें झालें असेल, हा विचार मला अनेकदां सुचतो. पी. व्ही. नरसिंह राव हे ह्या विद्यार्थ्यांतलेच एक. पुढें ते फर्ग्युसन कॉलेजांत शिकले, नागपुरास वकिलीची परीक्षा झाले, रामटेकाहून लोकसभेवर निवडून गेले आणि १९९१ सालीं पंतप्रधान झाले. त्यांनीं हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' ह्या कादंबरीचें तेलुगु भाषांतर केलें, ही गोष्ट आपल्या वाचक भगिनींना अवश्य माहीत असावी.

आतां निःपक्षपातानें पाहूं. ह्या गीताविषयीं मुसलमान बंधूंना कांहीं अडचण होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. १९३७ सालीं काँग्रेसच्या कार्यकारिणीनें पहिलीं दोनच कडवीं म्हणावीं असें ठरविलें, तें ह्याच कारणानें. म्हणजे बसून बोलण्याला वाव होता. कोणत्या खोलींत म्हणावें, केव्हां म्हणावें, किती म्हणावें, हें सारें एका बैठकींत ठरण्याजोगें होतें. तें न होतां अर्जाला उत्तर म्हणून माफीचा मसुदा पुढें आला. नियम करणाऱ्याचा स्वाभिमान नियमांत अडकला, म्हणजे असेंच होतें.

आणि हा प्रकार केवळ मोगलाईंतलाच होता, असें इकडील तीरावरच्या लोकांनीं समजूं नये. १९०७ सालीं रिस्ले यांच्या परिपत्रकानें विद्यार्थ्यांस राजकीय सभांत जाण्यास बंदी झाली. त्या सुमारास नागपूरच्या नील सिटी हायस्कुलांत इन्स्पेक्टर वर्गांत शिरतांच मुलांनीं 'वंदे मातरम्'चा घोष केला. केशव बळीराम हेडगेवार हे त्या शाळेचे विद्यार्थी. मुलांचा संप बरेच दिवस चालला. अखेर पालकांनीं आणि शाळेनें जी तडजोड काढली, ती चरित्रकार सांगतात ती अशी: तोंडानें माफी मागावयास नको, "चूक झाली ना?" असें विचारल्यावर नुसती मान हलवावी, म्हणजे वर्गांत प्रवेश. जवळजवळ सर्वांनीं मान हलविली. हेडगेवारांनीं हलविली नाहीं, आणि त्यांना शाळा सोडून यवतमाळास जावें लागलें. त्यांच्या पुढील कार्याविषयीं वाचकांचीं मतें भिन्न असतील. तो येथें प्रश्नच नाहीं. माझें लक्ष त्या बाकीच्या मुलांकडे जातें. शाळेला शिस्त हवी होती. तिला मिळाल्या त्या हललेल्या माना. मनांत एक आणि मानेंत दुसरें, हा धडा त्या वर्गास शाळेनेंच शिकविला, आणि मध्यस्थी करणारे त्यांचे बाप होते.

आपल्यापैकीं कित्येकांस वाटतें, कीं नियमाला प्रश्न विचारणें हेंच मुळीं आपल्या परंपरेस सोडून आहे. मी आयुष्यभर मुलांना संस्कृत व्याकरण शिकविलें, म्हणून ह्या बाबतींत दोन शब्द अधिकारानें बोलतों. पाणिनीहून मोठा नियमकार आपल्याकडे झाला नाहीं. त्याचीं सूत्रें चार हजारांच्या आसपास. त्यांवर कात्यायनानें वार्तिकें लिहिलीं, तींहि हजारांनीं मोजावीं लागतात. आणि तीं स्तुतिपर नाहींत. येथें हें सूत्र अपुरें पडतें, येथें एवढें अधिक म्हणावयास हवें, येथें हा शब्द अनावश्यक आहे, अशीं तीं आहेत. मग पतंजलीनें दोघांचेंहि म्हणणें ऐकून कोठें कात्यायनाला मान्यता दिली, तर कोठें पाणिनीचें सूत्रच पुरेसें आहे असें दाखविलें. ह्या तिघांनाहि आपण मुनि म्हणतों, आणि मतभेद झाल्यास मागच्यापेक्षां पुढच्याचें प्रमाण अधिक मानतों. उत्सर्ग आणि अपवाद हा भेद तर व्याकरणाचा प्राणच. अपवाद सांगितला म्हणून उत्सर्गाचा अपमान झाला, असें कोणी वैयाकरण म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. तो मान फक्त शाळांच्या सूचनाफलकांना आहे.

अलीकडचीं दोन उदाहरणें थोडक्यांत सांगतों. २०१८ सालीं सरकारनें आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँकखात्यांत घालण्याचें ठरविलें. गडचिरोली-चंद्रपुराकडील मुलें अशा वसतिगृहांत किती आहेत, हें येथल्या वाचकांना सांगावयास नको. जुलै महिन्यांत कांहीं विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायीं निघाले; वाटेंत पोलिसांनीं त्यांना अडविलें. त्यांचें म्हणणें साधें होतें: पैसे वेळेवर न आले, तर त्या दिवशीं जेवावें काय? हा प्रश्न परिपत्रक काढणाऱ्याला सुचला नव्हता, कारण त्याचें जेवण घरीं तयार असतें.

दुसरें उदाहरण ऐकून कांहीं वाचकांच्या कपाळीं आठ्या पडतील, तरी सांगतों. मुंबईंत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयानें आवारांत हिजाब, टोपी, बिल्ले इत्यादि घालूं नयेत असा नियम केला. नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयांत गेल्या. जून २०२४ मध्यें त्यांचा अर्ज फेटाळला गेला. ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें त्या नियमाच्या कांहीं भागास तात्पुरती स्थगिती दिली. वर्गांत चेहरा झांकण्याची सवलत मात्र दिली नाहीं. कपाळाच्या टिळ्यावरहि बंदी घालाल काय, अशा अर्थाचा प्रश्न न्यायमूर्तींनीं विचारला होता. १९३८ चे विद्यार्थी ज्यांना आपले वाटतात, त्यांनीं ह्या मुलींचा अर्जहि तितक्याच शांतपणें वाचावा, एवढीच माझी विनंति आहे. मग उत्तर कोणतेंहि द्या. मला स्वतःला समान वेष आवडतो. गरीब-श्रीमंत हा भेद त्यानें वर्गापुरता तरी झांकला जातो. पण आपल्या मुलाचा अर्ज न्याय्य आणि दुसऱ्याच्या मुलीचा आगाऊपणा, असें दुहेरी माप घरांत ठेवलें, तर मुलें तें फार लौकर ओळखतात.

आतां आमच्याकडील एक ताजी हकीकत. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. आमच्या भागांतील पुष्कळ मुलें आसपासच्या खेड्यांतून एस. टी. नें हायस्कुलास येतात. रस्ता जंगलांतला. कन्हाळगांवचें अभयारण्य ह्याच बाजूस झालें आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यांत वाघानें माणूस मारल्याची बातमी आतां वर्तमानपत्रांत आंतल्या पानावर येते, इतकी ती नेहमींची झाली आहे. ह्या हायस्कुलाचा नियम असा, कीं परिपाठाची घंटा झाली कीं फाटक बंद. उशीर झालेल्यांनीं पहिला तास संपेपर्यंत बाहेर उभें राहावें. तिसऱ्यांदा उशीर झाल्यास घरीं परत जाऊन पालकांस घेऊन यावें. नियम करणाऱ्याच्या मनांत गांवांतलीं पोरें होतीं, जीं पानठेल्याशीं रेंगाळत येतात. त्यांच्यासाठीं तो ठीकच होता. परंतु गाडी दहा मिनिटें उशिरा आली, तर तींतून उतरलेली मुलगी रेंगाळली असें कसें म्हणतां येईल? आणि जिला परत पाठविलें, ती दुपारच्या गाडीपर्यंत कोठें बसणार, किंवा जंगलच्या वाटेनें एकटी चालत जाणार काय, ह्याचा विचार नियमांत नाहीं.

नववी-दहावीच्या चाळिसेक मुलामुलींनीं अर्ज लिहिला. त्यांत तीन कलमें होतीं. गाडीनें येणाऱ्यांसाठीं फाटकाशीं निराळी नोंदवही ठेवावी. कोणत्याहि विद्यार्थ्यास शाळेच्या वेळांत एकट्यानें घरीं परत पाठवूं नये. आणि मुलींना दोन वेण्यांऐवजीं एक वेणी घालून येण्याची परवानगी असावी. तिसऱ्या कलमाला कांहीं शिक्षक हंसले. त्यांनीं हिवाळ्यांत पहांटे पांचास उठून, पाणी भरून, ओल्या केंसांच्या दोन घट्ट वेण्या घालून सातची गाडी कधीं गांठलेली नाहीं. तरीहि माझ्या मतें हें कलम निराळ्या अर्जांत घालावयास हवें होतें; पहिल्या दोन कलमांत जीवाचा प्रश्न आहे, तिसऱ्यांत सोयीचा. मुलींना मीं तसें सांगितलें. त्यांना तें पटलें नाहीं, आणि अर्ज त्यांचा होता.

ती सारी मंडळी अर्ज घेऊन माझ्याकडे आली होती ती शुद्धलेखन तपासून घेण्यासाठीं. ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका मीं सुधारून दिल्या. मजकुरास हात लावला नाहीं. शाळेंत पहिला प्रश्न विचारला गेला तो असा: "हा मसुदा कोणी लिहून दिला?" अर्जांत काय आहे ह्यापेक्षां त्याच्या मागें कोण आहे ह्याचा शोध आधीं घ्यावयाचा, ही निजामी रीत अद्याप गेलेली नाहीं. दोन दिवस चौकशी झाली. तीन पालकांनीं घाबरून मुलांच्या सह्या मागें घेतल्या. त्यांतले दोघे सुशिक्षित म्हणून गांवांत मान असलेले गृहस्थ. तिसरा शेतमजूर, त्याला दोष देववत नाहीं. उलट धाब्याकडील एक आई, जिला सही येत नाहीं, ती मुलीबरोबर शाळेंत आली आणि तिनें कागदावर आंगठा उठविला.

मुख्याध्यापक मनानें वाईट नाहींत. वरून विचारणा होईल ह्या धाकानें ते बोलतात, इतकेंच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितींत बहुसंख्य जागा पालकांच्या असतात, हें त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. समितीची बैठक झाली. एस. टी.च्या आगारप्रमुखांस गाडीच्या वेळेविषयीं पत्र गेलें. फाटकाशीं एक वही ठेवण्यांत आली. शिपाई तींत गाडी आल्याची वेळ लिहितो आणि मुलांना आंत घेतो. पहिल्या आठवड्यांत ती गाडी चार दिवस उशिरा आलेली निघाली. वेण्यांचा प्रश्न महिला शिक्षिकांकडे सोंपविला असून त्यांच्यांतच दोन तट पडले आहेत.

दुसऱ्या कलमाचें, म्हणजे एकट्यानें परत पाठविण्याविषयींचें, लेखी उत्तर हें लिहीपर्यंत मिळालेलें नाहीं. मुलांनीं काल स्मरणपत्राचा मसुदा आणून दाखविला. ह्या खेपेस चुका चारच आहेत.