दार उघडं, पण किल्ली कोणाकडे?

घाटकोपरला पंतनगरात आम्ही चौघी एका खोलीत राहतो. रक्ताचं नातं एकीशीही नाही. घर सोडून आलेल्या बाईला आत घ्यायचं, एवढाच आमचा नियम होता. गेल्या पावसाळ्यात एकजण ‘दोन दिवस’ म्हणून आली आणि चार महिने राहिली. आमच्यातली एक डबे करते, पहाटे चारला उठते. पाहुणीचे मित्र रात्री एकपर्यंत बसायचे. बोललो तर उत्तर आलं, “तुम्हीही सासवाच निघालात!” आम्ही गप्प. चळवळीतल्या बाईला सासू म्हटलं की तिची जीभ टाळूलाच चिकटते.

मैत्रिणींनो, हे गप्प बसणं मला मान्य नाही. माहेरी-सासरी ‘माया’ म्हणत आपल्याला फुकट राबवलं. आता ‘भगिनीभाव’ म्हणत तेच चालवायचं? दार सताड उघडं ठेवलं म्हणून घर सगळ्यांचं होत नाही. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या डोक्यावर ते बसतं. पाणी कोण भरतं, पोलीस चौकीवर कोण जातं, ते एकदा मोजा.

कायदा फार पुढे आलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. मे २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टाने, घरच्यांनी अडकवून ठेवलेल्या एका तरुणीला जोडीदारणीकडे जाण्याची मोकळीक देताना, आपण निवडलेलं कुटुंबही कुटुंबच असं मानलं. तेवढाच आधार. तेव्हा घराचे नियम आपणच करायला हवेत.

पण कसले नियम? सोसायटीवाल्यांचेही नियम असतातच. २०२५ साली घाटकोपरच्याच एका सोसायटीत मासे-मटण खाणाऱ्या मराठी कुटुंबाला हिणवल्याची तक्रार गाजली. एकट्या बाईला खोली मिळताना काय होतं ते तर आपण जाणतोच. आपल्या दारात जात, धर्म, ती कोणावर प्रेम करते, ती ट्रान्स बाई आहे का, हे विचारायचं नाही. विचारायचं ते असं: किती दिवस? भाड्या-किराण्यात वाटा किती? घरी कोणाला आणणार? पैसे नसतील तर कामात वाटा. मार खाऊन आलेलीला पहिले पंधरा दिवस तोही नको. पण जिने हात उचलला, किंवा एकीचा ठावठिकाणा तिच्या भावाला कळवला, तिची सोय दुसरीकडे, त्याच दिवशी. मग ती कितीही जुनी कार्यकर्ती असो.

आमची पाहुणी दिवाळीआधी भांडून गेली. तिची ट्रंक अजून माळ्यावर आहे. परवा मीच फोन केला. म्हटलं, ट्रंक न्यायला ये, जेवूनच जा. फक्त आधी कळव.