ओटा गेला, गाळा आला

नवी मुंबई म्हटली की डोळ्यांपुढे येतात ते रुंद रस्ते आणि सेक्टर. पण या शहराच्या पोटात जुनी गावठाणे अजून आहेत, याची आपल्यापैकी किती जणांना कल्पना आहे? मी बेलापूर गावचा. दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन आमच्या आळीतली जुनी घरे पाहायला निघालो. पुढे ओटा, मग पडवी, माजघर, मागे परसू, अशी कौलारू घरे आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली. त्यांतल्याही बहुतेकांच्या ओट्यावर शटर बसले आहे. एकात मोबाईल दुरुस्ती, एकात केशकर्तनालय, एकात चायनीजवाला. मान वर केली तर फ्लेक्सच्या मागे मंगलोरी कौले दिसतात.

'गावपण गेले हो!' अशी हळहळ करणारे पुष्कळ भेटतात. ते बहुधा टॉवरच्या बाराव्या मजल्यावर राहतात. मला त्यांचा राग येतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची शेते, मिठागरे नव्या शहरासाठी घेण्यात आली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच आंदोलकांनी गोळ्या झेलून प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची वाट मोकळी झाली. ज्याचे शेत गेले त्याच्या हाती भाड्याने देण्याजोगे राहिले काय? घराचा ओटा! आमच्याही ओट्याचा गाळा झाला आहे. त्याच्या भाड्यातून माझी फी भरली जाते. मग मी कोणत्या तोंडाने रडू?

आजीही रडली नाही. शटर बसवत होते तेव्हा तिने एवढेच विचारले, "आता बसू कुठं रं मी?" हल्ली ती दुकानदाराच्या स्टुलावर बसते. तो माणूस भला आहे; पण गिऱ्हाईक आले की तीच उठते.

गंमत पाहा. बेलापुरातच आर्टिस्ट व्हिलेज आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ या काळात ते उभे केले. सात-सात घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी ते मुद्दाम पाहायला येतात. आमच्या आळीत असे अंगण कोणी आखले नव्हते, म्हणूनच की काय, तिकडे कोणी फिरकत नाही.

दुकान हे घराचे वैरी आहे असे मला मुळीच वाटत नाही. भाडे येते म्हणून तर ही घरे उभी आहेत. बाकीची पाडून त्यांचे चार-चार मजले झाले. जुन्या काळी वाणी पडवीत बसायचा आणि गिऱ्हाईक ओट्यावर टेकायचे. तसे आजही का होऊ नये? ओटा मोकळा ठेवील त्याला महापालिकेने घरपट्टीत सूट द्यावी, कौलांच्या दुरुस्तीला हात द्यावा. मात्र गावाचे प्रदर्शनही नको. दक्षिण कोरियात सोल शहरी 'हानोक' नावाची जुनी कौलारू घरे आहेत. तिथल्या इक्सॉन-डोंग वस्तीत त्यांची चहाची दुकाने झाली. शेजारच्या बुकचोनमध्ये तर पर्यटकांची एवढी रीघ लागली की नोव्हेंबर २०२४ पासून काही गल्ल्यांत त्यांना संध्याकाळी पाच ते सकाळी दहा येण्यास मनाई करावी लागली. राहणाऱ्यालाच आपले दार परके व्हावे, ही कसली जपणूक?

वडिलांना मी हे सारे सांगितले. ते म्हणाले, "भाडेकरार मार्चमध्ये संपतोय, तेव्हा बघू." मी माप घेऊन ठेवले आहे. शटर अडीच हात मागे सरकले, तर आजीची चटई मावते.