जनरेटरची टाकी पाळीआधी भरा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वीज गेली की थोड्याच वेळात जनरेटर सुरू होतो आणि टॉवेलचे लूम पुन्हा धडधडू लागतात. खरी अडचण तास-दोन तासांनी येते. टाकीचा काटा खाली जातो, वायरमन कोपऱ्यातला प्लास्टिकचा कॅन उचलतो, चालत्या इंजिनशेजारी नरसाळे लावून डिझेल ओततो. हे काम धोक्याचे आहे असे त्याला कुणी सांगितलेले नसते, कारण ‘डिझेल काही पेट्रोलसारखे भडकत नाही’ हा समज मालकापासून हेल्परपर्यंत सगळ्यांचा आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर तेवढाही टिकत नाही.

इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते किमान तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा तो उणे 40 अंशांच्या आसपास असतो. डिझेलसाठी युरोपात किमान 55 अंशांची अट आहे; आपल्या आयएस 1460 मानकात ती 35 अंश आहे. पंपावर मिळणारे डिझेल याहून बरे असू शकते, पण हमी 35 चीच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीतला पारा 42 च्या पुढे जातो, आणि जनरेटरची खोली त्याहून तापते. शिवाय ठिणगीविना आपोआप पेटण्याच्या बाबतीत डिझेल पेट्रोलपेक्षा पुढे आहे: त्याला साधारण 210 ते 250 अंश पुरतात. पूर्ण लोडवर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड 400 अंशांच्या वर तापलेला असतो. प्रत्येक सांडलेला थेंब पेटेलच असे नाही. उघड्यावर वाफ विरून जाते. पण आपल्याकडे यंत्र बंद कॅनोपीत असते आणि त्याच्या जाळीवर, पाइपांवर, वायरींवर कापसाचे तंतू साचलेले असतात. डिझेल प्यायलेला तो तंतू समईच्या वातीसारखा जळतो.

मोटरबोट चालवणाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून इंधन भरताना इंजिन बंद, प्रवासी बोटीतून उतरलेले, सुटी टाकी असेल तर ती किनाऱ्यावर नेऊन भरायची. आणि आत बसवलेले इंजिन सुरू करण्याआधी तळातली हवा ब्लोअरने किमान चार मिनिटे बाहेर काढायची. मुख्य म्हणजे भर पाण्यात टाकी भरण्याची वेळच येऊ नये म्हणून ती निघण्याआधी भरायची. आमचा आग्रह या शेवटच्या शिस्तीसाठी आहे. अग्निशमन सिलिंडर भिंतीला हवाच, पण चालत्या यंत्रात इंधन ओतण्याचा प्रसंग टाळला तर त्याला हात लावावा लागणार नाही.

यावर कारखानदार म्हणतील, लूम थांबले तर कापडात डाग पडतो, ऑर्डर लांबते. खरे आहे. म्हणूनच हिशेब आधी करावा. 125 केव्हीएचा संच पूर्ण लोडवर तासाला साधारण 25 लिटर डिझेल खातो. 200 लिटरची टाकी भरलेली असेल तर आठ तासांची पाळी निघते, आणि वीज सहसा पूर्ण पाळीभर जात नाही. मधेच टाकी रिकामी होते ती लहान असते म्हणून नव्हे, तर पाळी सुरू होतानाच पुरती भरलेली नसते म्हणून. दुसरा आक्षेप परवान्याचा. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलचा एकूण साठा 2500 लिटरपर्यंत आणि एकेक भांडे 1000 लिटरच्या आत असेल, तर साठवणुकीचा परवाना लागत नाही. तेव्हा 200 लिटरचे लोखंडी बॅरल आणि हातपंप ठेवायला परवान्याची अडचण नाही. ज्या लहान युनिटमध्ये पेट्रोलचे जनरेटर आहेत, त्यांची मर्यादा मात्र अवघी 30 लिटर, आणि प्लास्टिकचा कॅन तिथे मुळीच चालणार नाही. ओतताना त्यात स्थिर वीज साचते आणि धातूच्या डब्यासारखी ती जमिनीत उतरवता येत नाही.

साठ्यात पैसा अडकतो ही तक्रार उरतेच, पण तिच्यासमोर एक प्रसंग ठेवायला हवा. 18 मे 2025 च्या पहाटे याच वसाहतीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. प्राथमिक संशय शॉर्टसर्किटचा होता. डिझेलशी आम्ही तो प्रसंग जोडत नाही. पण सूत आणि टॉवेलच्या साठ्यात पहिली ज्वाळा शिरली की ती आवरणे किती कठीण, हे त्या दिवशी सगळ्या वसाहतीने पाहिले. त्यापुढे बॅरलभर डिझेलात अडकलेली रक्कम कोणत्याही वहीत मोठी दिसू नये. तेव्हा पाळी बदलताना, इंजिन थंड असताना, एकाच ठरलेल्या माणसाने टाकी भरावी, सांडलेले पुसावे, चिंधी झाकणाच्या डब्यात टाकावी आणि काट्याचा आकडा जॉबरच्या वहीत लिहावा. वीज फारच लांबली तर निम्मे लूम आधी बंद करून लोड उतरवावा, मग जनरेटर थांबवावा, आणि मॅनिफोल्ड निवल्यावरच झाकण उघडावे.