अळवावरील अळी आणि तिचें नांव

पावसाळा लागला म्हणजे पुण्यांतील परसें अळवाच्या पानांनीं भरून जातात, आणि विद्यार्थ्यांच्या हातीं काचेच्या बरण्या दिसूं लागतात. बरणींत बोटभर लांबीची जाड अळी, मागच्या टोंकास उभा कांटा, आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. पूर्वीं मुलें हिचें नांव विचारीत. हल्लीं तीं नांव घेऊनच येतात. मोबाइलवर छायाचित्र टिपलें कीं लॅटिन नांव हजर! त्या यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं; पुष्कळदां तें बरोबरही सांगतें. परंतु इतक्या घाईनें जातीपर्यंत नांव लिहून मोकळें होणें हें शिक्षण नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कांटा पाहून ही अळी स्फिंगिडी कुलांतील आहे, इतकें बहुधा सांगतां येतें. पुढें मात्र पाऊल जपून टाकावें. धडाच्या पुढील भागीं दोन्ही बाजूंस एकेक मोठा डोळा व त्यामागें लहान डोळा असेल, तर ती हिप्पोटिऑन सेलेरिओ असण्याचा संभव मोठा. डोळ्यांची सबंध रांगच असेल, तर थेरेट्रा ओल्डनलँडिई मनांत येते. पण थेरेट्रा या एकाच घराण्यांत अनेक जाति आहेत. अळीचें रूप वयाप्रमाणें पालटतें. आणि खाद्यवनस्पतीही निर्णय देत नाहीं, कारण वरील दोन्ही जाति अळवावर वाढतात व तेरड्यावरही. पतंग बाहेर आला म्हणजे संशय फिटतो. ओल्डनलँडिईच्या पाठीवर दोन रुपेरी रेषा असतात, सिल्हेटेन्सिस या तिच्या जवळच्या जातीच्या पाठीवर एकच. सेलेरिओच्या पुढच्या पंखावर तिरपा रुपेरी पट्टा असतो.

हें ज्ञान पुस्तकांत आलें, तें कोणीतरी अळ्या पाळल्या म्हणूनच. कारवारास वनखात्यांतील टी. आर. बेल यांनीं वर्षानुवर्षें अळ्या वाढवून त्यांचीं वर्णनें टिपलीं, एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्यांचा स्फिंगिडींवरील ग्रंथ १९३७ सालीं निघाला. उत्तर कानडा जिल्ह्यांतील फुलपाखरांच्या अभ्यासांत त्यांचे सहकारी असलेले ई. एच. एटकेन हे साताऱ्यास १८५१ सालीं जन्मलेले मिशनरीपुत्र, आणि कांहीं वर्षें आपल्या डेक्कन कॉलेजांत लॅटिनचे अध्यापक होते.

या खटाटोपाचा उपयोग काय, असें कांहीं पालक विचारतात. २०१८ च्या मे महिन्यांत कर्नाटकांत शिवमोग्याकडे मक्यावर एक अपरिचित अळी आढळली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटें, आणि शेपटाकडे चौकोनांत चार ठिपके. शरीराच्या खुणा व जनुकीय तपासणी या दोन्ही मार्गांनीं ती अमेरिकेंतून आलेली नवी लष्करी अळी ठरली. त्याच वर्षीं ती महाराष्ट्रांतही पोंचली. आपलीच जुनी लष्करी अळी म्हणून तिला कोणी सोडून दिलें असतें तर? उलटपक्षीं परसांतील निरुपद्रवी अळीवर केवळ भयानें औषध फवारलें जातें, तेंही नांव न कळल्यामुळेंच.

म्हणून शाळेच्या प्रदर्शनांत ज्या चिठ्ठीवर 'जाति अद्याप अनिश्चित' असें लिहून खालीं जागा, वनस्पति आणि कात टाकल्याच्या तारखा नोंदलेल्या असतील, तिला उतरून घेतलेल्या लॅटिन नांवापेक्षां अधिक गुण द्यावे, असें आम्ही सुचवितों. केसाळ सुरवंटास मुलांनीं हात लावूं नये; इतर अळ्यांची बरणी मात्र घरच्यांनीं केरांत टाकूं नये. रोज ताजीं पानें द्यावीं, तळाशीं ओलसर माती व पाला ठेवावा. कधीं कधीं कोशांतून पतंगाऐवजीं परोपजीवी माशीच बाहेर येते, आणि मुलें हिरमुसतात. तीही तारखेसह वहींत लिहावी.